काकूने घास भरवणं सोडलं

माझ्या मुलीचं म्हणणं असं होतं, की दुःख झालं म्हणून जो आपलं काम टाकून जातो तो हिरो नाहीच. लेखकाने गंडवलंय. हे ती मला आमच्या अमरावतीच्या घरात, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन, लॅपटॉपवरची नजर न हलवता सांगत होती. तिचे बाबा जाऊन दोनेक महिने झाले होते. समोर टीपॉयवर मी ठेवलेलं ताट तसंच होतं. वरण गार होऊन थिजलं होतं.

सिनेमात एक उडणारा माणूस होता. शहरावर काही संकट आलं की हा आकाशातून उतरणार, कोसळता पूल खांद्यावर तोलणार, आगीतून माणसं काढणार. मग त्याची बायको मरते आणि हा सगळं सोडून कुठल्यातरी बर्फाळ डोंगरात मेंढ्या राखत बसतो. इकडे शहर जळतंय, लोक आकाशाकडे डोळे लावून बसलेत, आणि हा दाढी वाढवून मेंढ्यांना चारा घालतोय. मुलीने हा सिनेमा आधीही पाहिलेला होता. फोनवरच्या कुठल्यातरी गटात, ज्यांचं तोंडही तिने कधी पाहिलं नव्हतं अशा लोकांशी, यावरून तिचं भांडण चाललं होतं.

"हे त्याच्या कॅरेक्टरला धरून नाही," ती म्हणाली.

"बायको मेली ना त्याची."

"मग? ज्याच्याकडे ताकद आहे त्याला अशी सुट्टी नसते, आई."

"आपल्याकडे सुतकात देवालाही हात लावत नाहीत. देवाची पूजा शेजारी करतात. त्या बिचाऱ्याला तेवढी तरी सवलत दे."

"दहा दिवस घे म्हणावं. याने पाच वर्षं घेतली."

मला हसू आलं. तिला आलं नाही. एरवी ती अशा वेळी उशी फेकून मारायची.

मी वकील आहे. इथल्या कोर्टात पोटगीची प्रकरणं चालवते, त्यामुळे तावातावाने बोलणारा माणूस खरं कशाबद्दल बोलतोय हे ओळखायची सवय जडलेली आहे. मुलगी उडणाऱ्या माणसाबद्दल बोलत नव्हती एवढं मला कळत होतं. पण कशाबद्दल बोलत होती ते कळत नव्हतं, आणि मला भीती वाटत होती.

कारण ती सगळं करत होती. बाबा गेले त्या दिवशी नातेवाइकांना फोन तिने केले. तेरवीची यादी, मंडपवाला, महानगरपालिकेतून दाखला आणणं, गॅसच्या पुस्तकावर माझं नाव लावणं, सगळं तिने केलं. मी अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेरवी झाली आणि ती इंजिनिअरिंगच्या परीक्षेला जाऊन बसली, चांगल्या मार्कांनी पासही झाली. नातेवाईक म्हणाले, पोरगी वाघीण आहे. वाघीण दिवसेंदिवस वाळत चालली होती. हातातलं घड्याळ सरकत कोपराशी जायचं. जेवायला हाक मारली की 'नंतर खाते' म्हणायची, आणि ते नंतर कधी यायचं नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले, भूक वाढायचं औषध दिलं. ती ते औषध मात्र वेळेवर घ्यायची.

तिचं ते 'काम टाकून जाणं' माझ्या डोक्यात बसलं. मला काम टाकून गेलेलं एक माणूस माहीत होतं, आणि माझा त्या माणसावर राग होता. ते माणूस म्हणजे माझी काकू.

काकू अकोल्याला राहते, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत. मी तिच्याच हाताखाली वाढले, म्हणून मी तिला अजून अगंतुगं करते. माहेर तिचं हिवरखेडचं, शेतकऱ्याचं. काका शाळेत मास्तर. शिक्षण बेताचं, आवाज खणखणीत. आमच्या सबंध गोतात कोणाकडे मयत झालं की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा काकूला. तिला काही उडता येत नव्हतं, ती सिटी ऑटोत मागच्या सीटवर तिघींत दाटून बसून यायची. पण ती आली की घरातला गोंधळ खाली बसायचा.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परत आली, आंघोळी झाल्या, की शेजारपाजारचे बेसन-भाकर आणतात. पुण्याकडे ज्याला पिठलं म्हणतात तेच आमचं बेसन. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांनी तो घ्यायचा असतो, आणि घरच्यांच्या घशाखाली काही उतरत नसतं. इथे काकूचं काम सुरू व्हायचं. ज्याचं सगळ्यात जवळचं माणूस गेलं असेल त्याच्या पुढ्यात ती मांडी घालून बसायची. गेलेल्याचं नाव काढायची नाही, देवाचं नाव काढायची नाही. भाकर मोडायची, बेसनात बुडवायची, डाव्या हाताने समोरच्याची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "घे. गीळ. मंग रड."

घास आत जाईपर्यंत हात मागे घ्यायची नाही. मी मोठमोठे आडदांड गडी तिच्यापुढे लहान पोरासारखं तोंड उघडताना पाहिलेत. जवान मुलगा गेलेली एक बाई दातखीळ बसल्यासारखी पडली होती. काकू तिच्यासमोर अर्धा दिवस तोच घास हातात धरून बसली, भाकर हातातच वाळली. शेवटी त्या बाईने तोंड उघडलं. मला तेव्हा वाटायचं, ही आपली काकू आहे, आपल्या घरात काही झालं तर आपल्याला काळजी नाही.

मग काकूचाच मुलगा गेला. एकुलता एक, लग्न व्हायचं होतं. मूर्तिजापूरच्या पुढे मोटरसायकलला ट्रक लागला.

त्या दिवशी मी तिथे होते. माणसं मोक्षधामातून परत आली, शेजारून बेसन-भाकर आली, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण काकूला घास भरवणार कोण? मग गल्लीतल्या तीन-चार बायका पुढे झाल्या. त्यांतल्या दोघींना काकूने कधी ना कधी स्वतः भरवलेलं होतं. त्यांनी अगदी तिच्यासारखंच केलं. एकीने हनुवटी धरली, दुसरीने भाकर मोडली, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "घे काकू. गीळ. मंग रड." काकूने तोंड उघडलं. बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. मलाही भरून आलं. मला वाटलं, आयुष्यभर जे दिलं ते तिला परत मिळतंय.

त्यानंतर काकू कोणाच्या मयतीला गेली नाही. सुरुवातीला लोक म्हणाले, वर्ष तर होऊ द्या. वर्ष झालं. फोन यायचे, काका उचलायचे, "तिची तब्येत बरी नाही" म्हणायचे. समोरच्या घरातली म्हातारी गेली, काकू खिडकी लावून आत बसली. मग लोक बोलायला लागले. काकू अशी नव्हती. दुःख काय तिलाच झालं? उलट आता तर तिला जास्त कळायला पाहिजे. ज्यांना तिने घास भरवले होते तेच जास्त बोलत होते.

मी तिची बाजू घ्यायचे. माझा नवरा जाईपर्यंत घ्यायचे.

तो हिवाळ्यात गेला. सकाळी फिरून आला, खुर्चीत बसून बूट काढता काढता एका बाजूला कलला. पन्नाशीचा माणूस. संध्याकाळी सगळं आटोपून माणसं घरी आली तेव्हा मी दाराकडे बघत बसले होते. येईल ती. माझ्यासाठी तरी येईल, मी काही परकी नाही. नणंद म्हणत होती खा, जावा म्हणत होत्या खा, आणि मला खरंच वाटत होतं की काकूने हनुवटी धरल्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही. काका आले. एकटे. तिसऱ्या दिवशी मी नणंदेची खिचडी खाल्ली, तीही नणंद रडायला लागली म्हणून. काकूचा मला इतका राग आला की काही दिवस नवरा गेल्याच्या दुःखाला तो राग पुरून उरला.

तर मुलीचा तो सिनेमा झाला आणि मी ठरवलं, अकोल्याला जायचं. स्वतःसाठी मागायला मी गेले नसते. मुलीसाठी जायचं होतं. काकूला घेऊन यायचं, मुलीसमोर बसवायचं. जगात कोणाच्या हातून ती खाईल तर काकूच्या, अशी माझी खात्री होती.

कोर्टाला सुट्टी होती त्या दिवशी गेले. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते, मला पाहून उठून बाजारात निघून गेले. काकू स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होती. केस पांढरे झाले होते, पण हात तसेच भरभर चालत होते. मी बसले, शेंगा पुढे ओढल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. मुलगी खात नाही. कशी झाली आहे. डॉक्टर काय म्हणाले. "तू एकदा चल. एक घास भरव. तुझं ऐकेल ती."

"नाई," काकू म्हणाली.

मी वाद घालायला लागले. तोच माझा धंदा. मी तिला आठवण करून दिली, त्या दातखीळ बसलेल्या बाईची, अमक्याची, तमक्याची. शेवटी म्हणाले, "हा तुझा स्वभाव नाही, काकू. तू अशी नाहीस."

काकूने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"माह्या लेकराले जाळून आले, तवा तू होती ना इथं?"

"होते."

"त्याइनं मले घास भरवला. म्याच शिकवल्यासारका. म्या तोंड उघडलं. काहून उघडलं, मले मालूम नाई. सवयीनं उघडलं असंन." तिने बोटांना चिकटलेली सालं झटकली. "मले चव लागली."

मला कळलं नाही. 

"बेसन चांगलं झालं होतं. मिरची जराशीक जास्त होती, मीठ बरोबर होतं. म्या मनात म्हनलं, चांगलं झालं बेसन. माहा पोरगा तिकडं जळून राहिला होता, अन् मी इथं बेसन चांगलं झालं म्हनून राहिली होती. एक घास त्याइनं भरवला. दुसरा म्या माह्या हातानं घेतला. कोनं पाह्यलं नाई. त्या सगळ्या रडून राहिल्या होत्या."

माझे हात शेंगांतच राहिले.

"इतके साल म्या लोकाइच्या तोंडात घास कोंबले. मले वाटे, जेवला म्हंजे जगला. त्यातल्या कितीकाइले चव लागली असंन, अन् त्याइनं कोनाले सांगतली नसंन. आता मी कोनाची हनुवटी नाई धरू शकत. तुह्यी बी नाई धरू शकली. म्या त्या दिवशी लुगडं नेसून तयार होती, तुह्या काकाइनं ऑटो बी आनला होता. म्या नाई बसली."

"मला हवा होता तो घास," मी म्हणाले. आवाज चढला माझा. "चव लागली असती तर लागली असती. मला तू हवी होतीस तिथे."

"मले मालूम हाये," काकू म्हणाली. आणि तिने सूप परत पुढे ओढलं.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी तिच्याविरुद्ध मनात युक्तिवाद करत होते. म्हटलं, चव लागणं हा काय गुन्हा आहे? जीभ आहे, मीठ लागणारच. पण एकेक मुद्दा मांडायचा आणि तो पडायचा. काकू बदलली असं आम्ही सगळे म्हणत होतो. मला गाडीत पहिल्यांदा वाटलं की ती बदललेली नाही. समोरच्या माणसाच्या आत काय चाललंय हे तिला आधीपासून सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं, म्हणून तर लोक तिच्यापुढे तोंड उघडायचे. आता तिला त्याहून जास्त कळलं होतं, आणि जे कळलं त्यावर तिचे हात चालेनात. याला काम टाकून जाणं म्हणायचं का, मला ठरवता येईना. आणि तरी माझा राग गेला नव्हता, हेही सांगून टाकते. तिचं बरोबर असलं तरी त्या संध्याकाळी माझ्या दारात ती नव्हतीच.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी सोफ्यावर तशीच. मी पर्स आदळली आणि म्हणाले, "येत नाही म्हणाली तुझी अकोल्याची आजी. म्हणे, त्या दिवशी बेसनाची चव लागली तिला. म्हणून आता कोणाला घास भरवणार नाही."

मी हे चिडून, अर्धवट चेष्टेत बोलले होते. मुलीने लॅपटॉप मिटला.

"असं म्हणाली ती? चव लागली असं?"

"हो. मीठ बरोबर होतं म्हणे."

तिने पाय खाली सोडले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली, एका सुरात, जसं कोर्टात साक्षीदार पाठ केल्यासारखं बोलतात.

"बाबांना पोचवून आले त्या दिवशी शेजारच्यांनी भाकरी आणल्या होत्या. तू खोलीत होतीस. सगळे तुझ्यामागे होते, खा म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उभी राहिले आणि खाल्लं. मला भूक लागली होती, आई. सकाळपासून नुसते फोन आणि फोन. दोन भाकरी खाल्ल्या मी. आणि ते इतकं छान लागलं. मी वाटीला बोट फिरवून चाटलं."

"अगं, मग त्यात काय? दिवसभर उपाशी होतीस तू."

"हेच," ती म्हणाली. "हेच तू म्हणशील, म्हणून नाही सांगितलं."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. 

"आता घास तोंडाशी नेला की ती भाकर आठवते," ती म्हणाली. "म्हणून मी बाकी सगळं करते. तो मेंढ्या राखत बसला ना डोंगरात, त्याचा मला राग येतो तो म्हणूनच. त्याला बसता आलं. कोणी त्याला वाघीण म्हणालं नाही."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने घेऊ दिलं, पण लाकडासारखी. रडली नाही. मला कळलं की मी तिची आई असून या एका गोष्टीत तिच्या काही कामाची नाही. सकाळी तिच्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटाकडे बघायचीही मला लाज वाटली, मी ते उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून उभी राहिली. "अकोल्याला जाते. तू नको येऊस." मी तिला स्कूटरवर बडनेऱ्याला सोडलं, गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबले. मग दिवसभर फोन हातात धरून घरात येरझाऱ्या घातल्या. मनात आशा होतीच. काकू नाही नाही म्हणेल, पण ही अशी वाळलेली पोर दारात उभी राहिल्यावर तिचा हात आपोआप पुढे होईल, हनुवटी धरेल, आणि सगळं सुरळीत होईल. सिनेमात शेवटी तो डोंगरातून खाली येतो, तसं काहीतरी.

दिवे लागल्यावर काकूचाच फोन आला.

"पोरगी इथंच हाये. रायते म्हन्ते दोन दिवस."

"जेवली का?"

"नाई."

"काकू, अगं काहीतरी..."

"म्या बी नाई जेवली. जेवन झाकून ठेवलं हाये. मी तिले भरवून नाई राहिली अन् खा बी म्हनून नाई राहिली. आमी दोघी बसल्या हावो."

"रडली का ती?"

"रडली," काकू म्हणाली. "तू आता फोन नको करत जाऊ." आणि तिने फोन ठेवला.

माझं घर इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याची खुर्ची मुलीने केव्हाच गच्चीवर नेऊन ठेवली होती, हॉलमध्ये तिच्या जागी फरशीचा चौकोन जरा उजळ दिसत होता. अकोल्यात त्या दोघी झाकलेल्या जेवणापाशी बसल्या असतील, आणि त्यांच्यात मला जागा नाही, हे मला स्पष्ट कळलं. वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. कुकरमध्ये दुपारचा भात होता, आंबाडीची भाजी होती. मी ती गरम केली, वरून तेल-लसणाची फोडणी घातली, ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. मला भूक लागली होती.